कानातला दगड

पहिल्या वर्षी विंडहुकला सगळंच आमचं होतं:
बुरशी, सिंह, शेवाळ, माणसाचं रक्त.
दुसऱ्या वर्षी विचारलं, झाडं की प्राणी?
मी झाडं सोडली.
मग हाडं असलेले की नसलेले?
नसलेले सोडले, गोगलगाय तेवढी जड मनाने.
मग जमीन की पाणी,
मग गोडं की खारं,
मग कुठला मासा,
मग माशातलं काय.

आई सुपात बाजरी पाखडते
तसं कुणीतरी मला पाखडत होतं.
सुपात शेवटी उरला एक खडा,
बोटाच्या पेराहून लहान,
हेक माशाच्या कानातला.

आता मी तो वाचते.
स्वाकोपमुंडला, समुद्राकडे पाठ करून,
काळ्या बशीत पाणी घालून, दिव्याखाली.
एक वलय दुधाळ, एक काचेसारखं,
दोन्ही मिळून एक वर्ष.
असं पुस्तक म्हणतं.
माशांनी ते वाचलेलं नसतं.

आमच्या वर्गातल्या लिनेकेलाने डास घेतले,
ओकावांगोच्या काठी रात्र रात्र
स्वतःची पोटरी उघडी टाकून बसायची.
वेर्नरला मिळालं वाळवंटातलं दगडफूल,
धुकं पिऊन जगणारं,
त्याच्या आयुष्यभरात नखाएवढंही न सरकणारं.
वेर्नर म्हणतो, घाई कसली.
त्याचं लग्न दोनदा मोडलंय.
उआझुवा औषधं विकतो. गाडी त्याचीच बरी आहे.

आई उत्तरेला, फोनवर विचारते:
अजून डॉक्टर झाली नाहीस?
गावात तिने सांगून ठेवलंय
की तुयाकुला कानाची डॉक्टर आहे.
गेल्या डिसेंबरात तीन म्हातारे आले,
ओळीने कान पुढे करून बसले.
एकाच्या कानात टॉर्च मारला. मळ होता.
तेल सांगितलं. काय करणार.

एलियास गाओसेब इथे एकतीस वर्षं दगड वाचतोय.
पदवी नाही. बोटीवर मासे साफ करायचा,
एकदा डोकी फेकता फेकता थांबला, एवढंच सांगतो.
खोटी वलयं मला त्यानेच शिकवली:
उपाशी महिना, अचानक गार झालेलं पाणी,
कसलीशी भीतीही असेल,
मासा तेवढ्यापुरता वाढायचा थांबतो
आणि दगडात एक रेघ राहते,
हुबेहूब वर्षासारखी.
"ती मोजायची नाही," एलियास म्हणतो,
"पण बघायचीच नाही असं थोडंच आहे?"

मंगळवारी एका दगडावर आमचं जमेना.
मी पाच म्हणाले, तो सहा.
बशी फिरवली. पुन्हा पाच. पुन्हा सहा.
वाद मिटला नाही तर दगड बाद, असा नियम.
एलियासने भिंग पुसलं, बशी पुसली,
मग चष्मा पुसला आणि म्हणाला,
हल्ली मला सगळ्यालाच एक वलय जास्त दिसतं.
दिव्यालासुद्धा.

मोतीबिंदू. पुढच्या महिन्यात विंडहुकला काढतील.
मी त्याला सांगितलं, एका परीक्षेपुरतं
कधीतरी पाठ केलेलं:
डोळ्यातलं भिंगही थरावर थर चढवत वाढतं,
जन्माच्या आधीपासून,
आतला थर कधी टाकून देत नाही.
तो केवढ्यांदा हसला.
"मग काढल्यावर मागून घेतो. आपण मोजू."

ते फोडून नळीने ओढून घेतात,
हे मी बोलले नाही.
त्या डॉक्टरचा विषय वेगळा.
त्याला दिसण्याशी काम, वयाशी नाही.

पाकिटावर मी लिहिलं: पाच.
त्याखाली एलियासने, थरथरत: सहा.
बादच्या खोक्यापर्यंत जाऊन
मी पाकीट परत टेबलावर आणून ठेवलं.
बाहेर धुकं इतकं की धक्का दिसेना.
वेर्नरचं दगडफूल आज पोटभर जेवलं असेल.